आधी आतलं

रेव्हकाकांच्या घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा रिव्हिजन लिहिलेली असे. 'लिंबू, रेव्ह. डी.' ती बरणी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला वाटले, स्वतःच्या लोणच्याला कोणी डी ग्रेड का देईल? तसे विचारताच ते खुर्चीतून उठलेच. "ग्रेड नाही मॅडम, रिव्हिजन! ए कडू झालं. बी-मध्ये बिया काढल्या. सी-मध्ये मीठ जास्त पडलं. ही डी. चाखा आणि काय बदलायचं ते सांगा, म्हणजे ई काढतो." दुरुस्त केलेल्या छत्रीच्या दांड्यावर 'रेव्ह. बी', नवा तळ लावलेल्या चपलेच्या आत 'रेव्ह. सी'. सोसायटीतल्या मुलांनी त्यांना रेव्हकाका हे नाव दिले आणि ते इतके चिकटले की मीही तोंडावर तेच म्हणू लागले.

ओजस, तन्वी, तुम्ही त्यांना पाहिले ते फक्त पडद्यावर, रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये माझ्या खांद्यामागून डोकावताना. ओजस त्यांच्याशी भांडलाही आहे. तन्वीने मात्र परवा विचारले, "आजी, तू सारखं ज्यांचं नाव घेतेस ते काका नक्की कोण?" फोनवर सांगण्यासारखे ते थोडक्यात नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि सटाण्याची गोष्ट एकदाची नीट सांगायला मिळणार म्हणून आत्ताच हात शिवशिवत आहेत. पण क्रमाने सांगते. क्रम चुकला तर रेव्हकाका जिथे असतील तिथून फोन करतील.

ते सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा ऑस्ट्रेलियात. आणि आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहत. एकटे म्हणजे उदास असे मनात आणू नका. त्यांच्याइतका उत्साही माणूस मी वर्गात आणि वर्गाबाहेर पाहिला नाही. घराबाहेर पडताना आधी कपाट, मग खोली, मग मुख्य दार, मग जाळीचे दार असे आतून बाहेर येत ते कुलपे लावत आणि प्रत्येक कुलपाला मोठ्याने सांगत, "आतलं झालं." जिन्यावरून ते ऐकू आले की मी चहाचे आधण चढवी.

कोणी म्हणाले की "थोडंसं बदललंय", तर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. "थोडंसं म्हणजे काय बदललं? कोणी बदललं? का बदललं?" ही त्यांची तीन बोटे. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सर्वांना ती दाखवून झाली होती. एकदा मी आमटीत गूळ कमी घातला. तेव्हा त्यांनी ती आवडीने खाल्ली, बोटे चाटली आणि मग तीच बोटे वर केली.

कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी आणि आणखी काही जणांनी नाशिक जिल्ह्यातल्या बोलींचा कोश करायला घेतला होता, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या जेवणाच्या टेबलावर दर गुरुवारी आमची बैठक भरे. पंचवटीतले गुरुजी घाटावरचे, पूजापाठातले शब्द आणत. ते संस्कृतचे मोठे जाणकार आणि स्वभावाने लोण्यासारखे. सटाण्याच्या सुमनअक्का, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बागलाणातल्या अहिराणीचे शब्द जमवत. बाजारात, बांधावर, लग्नाच्या मांडवात जाऊन त्या माणसांना बोलते करीत. मी संपादक. रेव्हकाकांना शब्दांत रस नव्हता. ते माझ्याकडे चहाला येत आणि आम्ही फायली कशा ठेवतो ते पाहून हळहळत.

व्हर्जन कंट्रोल ही गोष्ट आमच्यात ओजसने आणली. तन्वी, तुझा या विषयाशी संबंध नाही, म्हणून मला समजले तसे सांगते. रेपो म्हणजे एक फोल्डर, ज्याला स्वतःचा सगळा इतिहास आठवतो. काम एका टप्प्यापर्यंत आले की आपण 'कमिट' करतो, म्हणजे 'इथपर्यंतचं पक्कं' अशी नोंद करतो. त्या नोंदीत काय बदलले, कोणी बदलले आणि का बदलले हे राहते आणि तिला एक लांबलचक नंबर मिळतो. कमिट आपल्याच मशीनवर असते. ते इतरांना मिळावे म्हणून सर्व्हरवर पाठवायचे, त्याला 'पुश' म्हणतात. ओजस कॉलवर मला हे समजावत होता तेव्हा रेव्हकाका शेजारी बशीत चहा ओतत होते. ती बशी तशीच हवेत राहिली. "अरे, काय, कोणी, का! हे तर आमचं ड्रॉइंग ऑफिस आहे!" ते ओरडले आणि चहा माझ्या टेबलक्लॉथवर सांडला. (तो डाग अजून आहे. त्याला त्यांनी 'रेव्ह. ए' म्हटले होते.) पुढच्या गुरुवारी ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन हजर. त्या दिवसापासून आमच्या कोशाचे सगळे यंत्रकाम त्यांचे.

आधी आमचा सगळा कोश एकाच रेपोत होता. एक गुरुवार असा आला की गुरुजींनी प्रेमापोटी अक्कांचे शब्द 'शुद्ध' केले. अक्कांच्या उदाहरणात साठवणीच्या चाळीतला कांदा 'चाळमा शे' होता, तो गुरुजींनी 'चाळीत आहे' असा केला. शिवीसारखे वाटणारे काही शब्द त्यांनी वगळलेही. अक्कांनी ते सटाण्यात आपल्या ओट्यावर जमलेल्या शेतकऱ्यांना उघडून दाखवले, तर ज्यांनी शब्द दिले होते तेच हसले. "अक्का, आमचे शब्द नेले आणि पुस्तकवाली बोली आणली व्हय?" अक्कांचा फोन आला तेव्हा मी तो लांब धरला तरी ऐकू येत होता. एरवी आमच्याशी त्या साधी मराठी बोलत; राग आला किंवा आनंद झाला की अहिराणी. "गुरुजी, हाई काय करं तुम्ही? मन्हा कांदा चाळमा शे. तो चाळीत कवय गया?"

गुरुजींनी माफी मागितली, पण अक्कांचे म्हणणे साधे होते. त्यांनी लोकांना शब्द दिला होता की तुमचे बोल जसेच्या तसे राहतील. आता तो शब्द पाळला जाणार नसेल, तर अहिराणीचा भाग कोशातून काढून घेते. अहिराणी नसलेला नाशिकचा बोलीकोश म्हणजे काय उरले? मी दोन्हीकडची समजूत घालत बसले. रेव्हकाका वर गेले आणि ड्रॉइंगची एक गुंडाळी घेऊन आले.

ती त्यांनी टेबलावर पसरली. एका पंपाचे संपूर्ण चित्र होते. "गुरुजी, यात शाफ्ट कुठे दाखवलाय?" गुरुजींनी बोट ठेवले. "बरोबर. पण शाफ्टची मापं आहेत का इथं? नाहीत. शाफ्टचं ड्रॉइंग वेगळं, ते करणारा वेगळा, त्याची सही वेगळी. इथं काय लिहिलंय वाचा." गुरुजींनी चष्मा लावून वाचले, "शाफ्ट, अमुक नंबर, रिव्हिजन सी." "बस! मोठ्या ड्रॉइंगवर धाकट्याचा फक्त नंबर आणि रिव्हिजन. मोठ्या ड्रॉइंगवाल्याला शाफ्ट आवडला नाही, तर तो शाफ्टवाल्याला जाऊन सांगेल. खोडरबर घेऊन त्याच्या ड्रॉइंगवर बसणार नाही."

रेपोतही हे करता येते. एका रेपोच्या आत दुसरी रेपो ठेवायची. बाहेरच्या रेपोत आतल्या फायली नसतात. आतले कोणते कमिट धरायचे त्याचा नंबर तेवढा असतो. अक्कांचे घर अक्कांचे, गुरुजींचे गुरुजींचे. बाहेर मोठा कोश, त्यात दोघांचे नंबर. अक्कांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "मन्हा घरनी चावी कोनाकडे?" रेव्हकाका म्हणाले, "तुमच्याकडे अक्का. मी फक्त दारावरची पाटी वाचून घेणार." अक्का परत आल्या.

पण दोन घरे झाली की काम दोनदा. आधी आत जाऊन कमिट करायचे, ते पुश करायचे, मग बाहेर येऊन नवा नंबर कमिट करायचा, तोही पुश करायचा. गुरुजींनी कपाळाला हात लावला. रेव्हकाकांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "आधी आतलं, मग बाहेरचं. बाहेरच्याने ज्याचा नंबर सांगितला ती वस्तू आधी असायला नको का? शाफ्टचं ड्रॉइंगच नाही आणि पंपाच्या ड्रॉइंगवर रिव्हिजन डी लिहिली, तर खाली मशीन शॉपमध्ये काय हवा बसवायची?" मग ते आमच्या प्रत्येकाच्या मागे उभे राहून 'आधी आतलं' म्हणत, अगदी कुलूप लावताना म्हणत त्याच सुरात.

ओजस, तुझे आणि त्यांचे ते भांडण तुला आठवत असेलच. तुझ्याकडे शनिवारची रात्र, आमच्याकडे रविवारची सकाळ, मध्ये पोह्यांची बशी.

"काका, हे जुनाट आहे," तू म्हणालास. "मी बाहेर कमिट म्हटलं की आतलं आपोआप झालं पाहिजे. एक बटण."

"आणि आतला मेसेज कोण लिहिणार? तुझं बटण?"

"बाहेरचाच आत टाकायचा."

"म्हणजे बाहेर लिहिलं 'प्रकाशनाची तयारी', तर अक्कांच्या घरात एकेका शब्दापुढे तेच? का बदललं याचं हे उत्तर आहे का रे? मी असतो तर तुला ड्रॉइंग बोर्डावर बसू दिलं नसतं."

"पण दोनदा काम होतंय!"

"दोन दारं आहेत तर कुलपंही दोनच लागणार. आणि आतलं अर्धवट असलं तर? अक्का एखादा अर्थ अर्धा लिहून चहाला उठल्या असतील. तुझं बटण तो अर्धा अर्थ उचलून बाहेर नेणार!"

"माणसं विसरतात, काका. आतलं पुश करायला कोणीतरी विसरणारच."

"कोण? मी?" रेव्हकाका छातीवर हात ठेवून इतके हसले की पोह्यातला शेंगदाणा त्यांच्या घशात गेला. "मी विसरणार!"

हे हसणे लक्षात ठेवा.

त्याच सुमारास त्यांचे ऑस्ट्रेलियाला जायचे ठरले, आणि कायमचे. मुलगा कधीपासून बोलवत होता. फ्लॅट विकला, लोणच्याच्या बरण्या माझ्याकडे आल्या. मी म्हणाले, "करमेल का हो तुम्हाला तिकडे?" ते म्हणाले, "मुलाची मोठी असेंब्ली आहे मॅडम, त्यात माझाही एक नंबर. बसवतील कुठेतरी." पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात जोर कमी होता.

नेमके त्यांच्या निघण्याच्या दिवशीच सटाण्यात कोशाचे प्रकाशन आले. अक्कांच्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, ज्यांनी शब्द दिले त्यांच्यासमोर. तारीख बदलणे शक्य नव्हते आणि विमानही. म्हणून रेव्हकाका आदल्या दिवशीच सटाण्याला गेले. अक्कांनी शेवटचे, आणि त्यांच्या मते सर्वांत मोलाचे शब्द जमवले होते. ते म्हणजे कांद्याचे, उळं म्हणजे बी टाकण्यापासून चाळीत भरण्यापर्यंतचे. अक्कांचा लॅपटॉप मालेगावला दुरुस्तीला गेलेला, म्हणून रेव्हकाकांनी आपल्या लॅपटॉपवर ते भरून घेतले. ओट्यावर शेतकरी बसलेले, अक्का विचारत होत्या, रेव्हकाका टाइप करत होते. त्यांनी त्या कमिटवर कर्ती म्हणून अक्कांचे नाव घातले. स्वतःचे फक्त नोंद करणारा म्हणून. ड्रॉइंगवर सह्यांच्या तीन चौकटी असतात, काढले, तपासले आणि मंजूर; दुसऱ्याच्या चौकटीत ते कधी सही करीत नसत. रात्री उशिरा नाशिकला परतल्यावर त्यांचा मला मेसेज आला : 'कांदा आत. बाहेरचा नंबरही दिला. सकाळी घ्या आणि धडाक्यात होऊ द्या.'

सकाळी मी आणि गुरुजी गाडीने सटाण्याला निघालो. आमच्यामागून दीड-दोन तासांनी रेव्हकाका टॅक्सीने मुंबईला. आमची तोंडे विरुद्ध दिशांना. हॉल भरून गेला होता. टोप्या, फेटे, नऊवारी, शाळेतली पोरे. अक्का इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या राहून एकेकाला सांगत होत्या, "आज उघडा आणि पाहा. कोनी हात लायेल नई." मागच्या वेळी हसलेले तेच शेतकरी पहिल्या रांगेत बसले होते. मी लॅपटॉप पडद्याला जोडला आणि नवीन काम सर्व्हरवरून घेतले. बाहेरचा कोश आला. मग मशीन अक्कांच्या घरात गेले आणि तिथेच अडले. पडद्यावर लाल अक्षरे आली. अमुक नंबरचे कमिट पाहिजे आहे, पण सर्व्हरवर ते सापडत नाही.

मी पुन्हा केले. पुन्हा तेच. अक्कांच्या घरात जुनेच शब्द होते, कांद्याचा एकही नाही. अक्का माझ्या कानाशी आल्या. "काय व्हयनं?"

मी सांगितले. बाहेरच्या पाटीवर नवा नंबर आहे, पण त्या नंबराची वस्तू कुठेच नाही.

गुरुजी हळूच म्हणाले, "अक्का, मागचीच आवृत्ती दाखवू या का? कांद्याचे शब्द मागाहून घालू. कोणाला कळणार आहे?"

अक्कांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. "त्यास्ले कळी. ते त्यास्ना शब्द पाहाले येल शेतस. नि माले म्हाइत शे ना!"

मी फोन लावला. लागेना. टॅक्सी एव्हाना इगतपुरीकडे लागली असणार, आणि एकदा कसाऱ्याचा घाट सुरू झाला की रेंजचा भरवसा नाही. पुढे मुंबई, विमानतळ, आणि ते कमिट रेव्हकाकांच्या बॅगेतून समुद्रापार. मी हॉलच्या मागच्या दारात उभी राहून पुन्हा पुन्हा लावत होते. आत गुरुजींनी मात्र एक गोष्ट केली ज्याबद्दल मी त्यांना शंभर चुका माफ करेन. ते मंचावरून उतरले, पहिल्या रांगेसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मंडळी, मशीन जरा दम घेतंय, तोवर मला शिकवा. डेंगळा म्हणजे काय?"

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ज्याले डोकावर फूल येस नि आत कांदा भरस नई, तो डेंगळा, गुरुजी."

हॉल हसून कोसळला. सर्वांत मोठ्याने गुरुजी हसले.

आणि फोन लागला.

"मॅडम! काय, दणक्यात चाललंय ना?"

"रेव्हकाका, कांदा नाहीये."

"नाहीये म्हणजे? मी स्वतः घातलाय! मशीन कोणता नंबर मागतंय? पहिली अक्षरं वाचा."

मी वाचली. पलीकडे टॅक्सी थांबल्याचा, दार उघडल्याचा, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. ड्रायव्हर म्हणत होता, "काका, घाटात लय ट्राफिक लागंल, चला ना." रेव्हकाका त्याला म्हणाले, "थांब रे बाबा, कारखाना बंद पडलाय!" मग कळा दाबल्याचे आवाज. आणि मग असे हास्य, जणू त्यांना लॉटरी लागली होती.

"आहे! मॅडम, इथंच आहे, माझ्या मांडीवर! आत कमिट केलंय, पुश केलंच नाही! बाहेरचं मात्र पाठवून दिलं! मी! मी बाहेरचं आधी पाठवलं!"

"पण असं कसं झालं?"

"भरीत! आत कमिट केलं आणि अक्का म्हणाल्या, ताट वाढलंय. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ठेचा. जेवून उठलो तो थेट बाहेरच्या दारावर गेलो! थांबा, ड्रायव्हरच्या फोनवरून नेट घेतो. अहो दादा, ते हॉटस्पॉट चालू करा. नाही, तुमचं. हां. चाललंय... चाललंय... रेंज गेली. दादा, गाडी जरा मागं घ्या, त्या हॉटेलपाशी. अहो घ्या ना मागं, चहा पाजतो!"

मी फोन कानाशी धरून धावतच लॅपटॉपकडे आले. माझ्या वयाला शोभेल अशी ती धाव नव्हती. अक्का पदर घट्ट धरून माझ्याशेजारी उभ्या.

"गेलं!" फोनमधून ओरड आली. "मॅडम, आतलं गेलं! घ्या!"

मी घेतले. मशीन अक्कांच्या घरात गेले आणि या वेळी अडले नाही. बाहेरच्या पाटीवर जो नंबर होता तोच आत. तन्वी, या नंबराची गंमत अशी की आतले एक अक्षर जरी बदलले तरी तो बदलतो. तो जुळला, म्हणजे ओट्यावर जे बोलले गेले आणि टाइप झाले तेच, काना-मात्रेसकट, या हॉलमध्ये पोहोचले होते. कोणाचाही हात न लागता. पडद्यावर शब्द उमटले. उळं. गोल्टी. जोडकांदा. डेंगळा. आणि वर कर्तीच्या जागी अक्कांचे नाव.

तो म्हातारा शेतकरी उठून पडद्याजवळ गेला आणि 'डेंगळा'वर बोट ठेवून मागे वळला. "हाऊ मना शे! जसा सांगा तसाच शे!" मग सगळेच उठले, आपापला शब्द शोधू लागले, एकमेकांना वाचून दाखवू लागले. अक्कांनी पहिल्या रांगेकडे पाहून फक्त मान डोलावली आणि मग माझ्या हातातला फोन घेऊन त्यात ओरडल्या, "भाऊ! मन्हा कांदा चाळमा शे!"

मी फोन हॉलकडे उंच धरला. टाळ्यांचा कडकडाट संपेपर्यंत तसाच धरला. परत कानाशी आणला तेव्हा रेव्हकाका म्हणत होते, "ऐकलं. सगळं ऐकलं. चला मॅडम, आता घाट. रेंज..."

तेवढेच. आमचा निरोप तो असा झाला. आदल्या आठवड्यात मी निरोपाचे चांगले दोन परिच्छेद मनात तयार करून ठेवले होते, ते तसेच राहिले.

संध्याकाळी विमानतळावरून एक फोटो आला. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलच्या बिलामागे त्यांनी कारखान्यातल्यासारखी रिजेक्शन स्लिप लिहिली होती. 'भाग : आतलं कमिट. दोष : न पाठवता बाहेर नंबर दिला. कारण : भरीत. जबाबदार : स्वतः. उपाय : माणसावर भरवसा ठेवू नये. आतलं आपोआप करू नये. पण आतलं गेलं नसेल तर बाहेरचं दारात अडवावं.' आणि खाली त्या तीन चौकटी. काढले, तपासले, मंजूर. पहिल्या दोन आमच्यासाठी रिकाम्या, तिसऱ्यात त्यांची सही.

ओजस, मी हा फोटो तुला पाठवला तेव्हा तू काय केलेस हे मला फार आवडले. तू 'सांगितलं होतं ना' असे म्हणाला नाहीस. तू शोधलेस आणि पुढच्या रविवारी म्हणालास, "आजी, काका म्हणतात ते आहे गं! तशी सोय आधीपासून आहे. आतलं पुश झालं नसेल तर बाहेरचं पुश नाकारायचं. फक्त ती मुद्दाम चालू करावी लागते, म्हणून कोणी करत नाही." आता आम्ही तिघे, तीन देशांत, एकाच कॉलवर होतो. रेव्हकाका ऑस्ट्रेलियात मुलाच्या स्वयंपाकघरात बसले होते, मागे बरण्या दिसत होत्या.

"म्हणजे मी बरोबर होतो," तू म्हणालास. "माणसं विसरतात."

"म्हणजे मी बरोबर होतो," रेव्हकाका म्हणाले. "बटणाने आत हात घालायचा नाही. दारात उभं राहून विचारायचं, 'आतलं झालं का?' कुलूप लावताना मी विचारतो तसं!"

दोघेही जिंकले आणि दोघेही तसेच खूश राहिले. मी ती सोय आमच्या सर्वांच्या मशीनवर चालू केली. परवाच गुरुजींना तिने दारात अडवले. ते म्हणाले, "अरे, हे तर रेव्हकाकाच!"

रेव्हकाकांनी आम्हाला कोशासाठी कधी एक शब्दही दिला नव्हता. "मी ड्रॉइंगवाला, शब्द तुमचे," असे म्हणत. काल सकाळी मी कोश उघडला तर त्यांचा निरोप होता : 'मॅडम, एक नवी आतली रेपो पाठवली आहे. जागा असेल तर बाहेर पाटी लावा.' रेपोचे नाव 'कारखाना'. सातपूरच्या शॉपमध्ये कामगार जे शब्द बोलत, जे कुठल्याही पुस्तकात नाहीत, ते अर्थासह, कोणाच्या तोंडून ऐकले त्या टोपणनावासह. पहिल्या कमिटचा मेसेज, 'इथं आल्यावर आठवू लागले.' काय, कोणी, का. तिन्ही बोटे त्यात होती. मी चहाचे आधण चढवले आणि मग लक्षात आले की जिन्यावर कोणी नाही. तसाच तो चहा दोन कपांत ओतला, पाटी लावली आणि पुश केले. मशीनने विचारले नाही. आतले आधीच आलेले होते.

आणि आता तुमच्यासाठी. रेव्हकाकांच्या या उद्योगाने मलाही चेव आला. मी आपल्या घराची एक मोठी रेपो केली आहे. माझ्या आठवणी, आजोबांची पत्रे, पाककृती (आमटी, रेव्ह. एफ, गूळ पूर्ववत). त्यात तुमच्यासाठी दोन आतली घरे करायला गेले, एक 'तन्वी' आणि एक 'ओजस'. तर मशीनने नकार दिला. रिकाम्या रेपोची पाटी बाहेर लावता येत नाही म्हणे. आत निदान एक कमिट लागते. मी रेव्हकाकांना विचारले. ते आनंदाने म्हणाले, "बरोबरच आहे मॅडम! तिथं काही नसेल, तर तुम्ही नंबर कशाचा लिहिणार?"

तेव्हा पोरांनो, मी तुमच्या घरात येऊन लिहिणार नाही, आणि लिहिलेले सुधारणारही नाही, इंग्रजीची प्राध्यापक असले तरी. कसलीही एक ओळ चालेल. आज काय खाल्ले, कोण भेटले, तन्वी, तुझ्या एडिनबरोत थंडी किती आहे. पण ती तुमची, तुमच्या नावाने. मी बाहेर पाटी घेऊन बसले आहे.

आधी आतलं.